पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर खाली आणतोय, पण चढावर दुसरा सुटतो

पद्मिनीवाला_बेळगाव

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, कारण अडलोय.

आमची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, १९८६ची. आप्पांनी नवी घेतली आणि अजून तेच चालवतात. गिअर स्टिअरिंगवरचा. दोन वर्षांमागं आप्पांचा डावा खांदा आखडला. हात वर उचलून दांडा ओढायचा म्हटलं की कळ यायची. एकदा तिसऱ्या रेल्वे गेटच्या गर्दीत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून शेवटी त्यांनी गाडी कडेला घेतली आणि मला फोन केला. त्या दिवशी ठरवलं, गाडी विकायची नाही, गिअर खाली आणायचा. हात मांडीशेजारी असेल तर खांद्याला काम उरत नाही.

पूर्वी मुंबईकडं फियाटला फ्लोअर शिफ्टची, म्हणजे खाली बसणाऱ्या दांड्याची, किट बसवून घ्यायची हौसच होती, बकेट सीटबरोबर (सुट्या खुर्च्यांसारख्या सीट). आता ती बाजारात नाहीत. एक जुनं किट भंगारात हाती लागलं, त्याच्या पिनांची भोकं लांबट झालेली आणि न्यूट्रलमध्ये मूठ वीतभर डुलायची. मी उद्यमबागेत व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) प्रोग्रॅमिंग करतो, म्हटलं आपणच करूया.

दांड्याला दोन कामं असतात. आडवं सरकून आतली कुठली पट्टी धरायची ते ठरवणं, म्हणजे सिलेक्ट. मग पुढंमागं जाऊन गिअर टाकणं, म्हणजे शिफ्ट. स्टिअरिंगवरच्या गिअरात या दोन्ही हालचाली कॉलममधून खाली उतरतात आणि दोन वेगळ्या रॉडनी गिअरबॉक्सपर्यंत जातात. मला गिअरबॉक्स उघडायचा नव्हता. म्हणून दांडा एका गोळ्यावर बसवला, त्याचं खालचं टोक शिफ्टचा रॉड ओढतं, आणि आडव्या हालचालीसाठी शेजारी एक बेलक्रँक (हालचालीची दिशा वळवणारी काटकोनी पट्टी) दिली, ती सिलेक्टचा रॉड ओढते. रिव्हर्सच्या बाजूला कडक स्प्रिंग, चुकून हात जाऊ नये म्हणून.

पहिला नमुना थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लॅस्टिकात काढला, फक्त जागा बघायला. एप्रिलात गाडी दुपारभर दारात उन्हात होती. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. संध्याकाळी ब्रॅकेट दांड्याच्या वजनानं कलंडलेलं होतं. दुसरा नमुना ५ मिमी एमएस (साध्या पोलादाची) प्लेट लेसर कट करून, वेल्ड करून केला. गोळा ईएन८ पोलादाचा, २५ मिमी. त्याची वाटी कास्ट नायलॉनची, एका अंगात. सगळ्या सांध्यांना एम८चे रॉड एंड (आत घट्ट गोळी असलेली टोकं) लावले, म्हणजे ढिलाई शून्य. ब्रॅकेट बोल्टनी टनेलच्या, म्हणजे गाडीच्या तळातल्या मधल्या उंचवट्याच्या, पत्र्यावर. गोळ्यापासून वर मूठ ३०० मिमी, खाली टोक ७५ मिमी.

गावात झकास चालली. मग घरची चौघं घेऊन गोव्याला गेलो. परत येताना चोर्ला घाट चढताना दुसरा गिअर सुटला. दाबून धरला की राहतो, हात काढला आणि ॲक्सिलेटर दिला की न्यूट्रल. पाच-सहा वेळा झालं. सपाटीवर एकदाही नाही. जुन्या स्टिअरिंगवरच्या गिअरात हे कधीच होत नव्हतं. गिअरबॉक्स गेला म्हणायचा की माझं काहीतरी चुकलं?

चिकोडीचा_ड्रायव्हर

गिअरबॉक्स खोलायची घाई करू नका. तीस वर्षं गाड्या चालवल्या, सुटणारा गिअर आधी दांड्यात बघायचा, मग बॉक्समध्ये.

एक करा. सपाट जागी हँडब्रेक ओढा, दुसरा टाका, क्लच हळूच अर्धा सोडा, इंजिन जरा ओढायला लागेपर्यंतच. शेजारी कुणाला तरी मुठीकडं बघायला बसवा. मूठ आपोआप हलली तर दुखणं बाहेर आहे. नाहीच हलली तर गिअर जागेवर धरणाऱ्या आतल्या स्प्रिंगा-गोळ्या नाहीतर दाते.

दुसरं, मूठ कसली बसवलीय? जड पितळी गोळा असेल तर आधी काढा. खड्ड्यात तो स्वतःच्या वजनानं दांडा ओढतो.

खानापूर_जीप

दांड्याभोवतीचा रबरी बूट काढून एकदा चालवून बघ भावा. आमच्या जीपला नवा बूट बसवला तेव्हा तो इतका कडक होता की दांडा टोकापर्यंत जातच नव्हता. गिअर पडल्यासारखा वाटायचा, पण दाते अर्धेच धरलेले. लोड आला की बाहेर.

आणि ते उघडे रॉड एंड आमच्या लाल चिखलात एक पावसाळा काढणार नाहीत हे लिहून घे.

पद्मिनीवाला_बेळगाव

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. धाकट्या भावाला बसवलं. क्लच सोडताना मूठ चांगली बोटभर मागं येते! व्हिडिओ काढून पुन्हा पुन्हा बघितला, आणि मग डोक्यात उजेड पडला.

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले. ओढ आली की ते एका अंगाला कलतात. माझा दांडा मात्र पत्र्यावर, म्हणजे बॉडीवर पक्का. बॉक्स हलतो, दांड्याची बैठक हलत नाही, मग मधला रॉड बॉक्सवरचा शिफ्टचा आर्म (रॉड जोडलेली पट्टी) ओढणारच. आता प्रश्न असा की कॉलमसुद्धा बॉडीवरच असतो, मग कंपनीच्या गिअरात हे का होत नव्हतं? खाली झोपून जुने रॉड परत लावून बघितले. त्यांच्या टोकांना बुश आहेत, त्यांत थोडा खेळ आहे. इंजिन कलतं तेव्हा तो खेळ ते कलणं गिळून टाकतो, आर्मपर्यंत काही पोचत नाही. मी मोठ्या अभिमानानं सगळे सांधे घट्ट केले आणि इंजिनाचा प्रत्येक हेलकावा थेट त्या आर्मवर नेऊन पोचवला. ज्याला मी झीज समजत होतो त्यातली थोडी मुद्दाम ठेवलेली होती.

खानापूरवाल्या भावाचंही बरोबर निघालं. बूट काढल्यावर दांडा पत्र्याच्या कडेला टेकलेल्याची खूण दिसली. शेवटचे ३-४ मिमी तो जातच नव्हता. मूठ प्लॅस्टिकची आहे, तिचा दोष नाही.

खानापूर_जीप

मग आता पुन्हा ढिले बुश घालणार?

पद्मिनीवाला_बेळगाव

नाही. ढिले बुश घातले तर मुठीपाशी परत डुलणं आलं. त्याचा हिशेब सांगतो. प्रत्येक सांध्यात ०.३ मिमी खेळ धरला, वाटेत चार सांधे, म्हणजे १.२ मिमी. दांड्याचं प्रमाण पाचास एक असेल (खालचं टोक १ मिमी हललं की मूठ ५ मिमी) तर मुठीपाशी ६ मिमी. तेवढ्यानं हाताला गिअर सापडत नाही, आणि आप्पांना तर चाचपडायला लावायचं नाहीच.

म्हणून दांडाच बॉडीवरून काढून गिअरबॉक्सवर बसवतोय. बॉक्सच्या मागच्या झाकणाचे जे बोल्ट आहेत तिथंच लांब बोल्ट घालून ब्रॅकेट धरायचं, बॉक्सला नवीन भोक कुठंही नाही. दांडा बॉक्सबरोबर हलेल, दोघांमधलं अंतर बदलणार नाही, मग सांधे घट्ट असले तरी चालतात. पत्र्याचं भोक तेवढं सैल हवं आणि बूट मऊ घडीचा.

दुसरी चूक माझ्या हौशीची होती, तीही सांगून टाकतो. दांडा खाली ७५ मिमी ठेवला होता तो शॉर्ट शिफ्टच्या, म्हणजे मुठीची चाल कमी करण्याच्या, नादानं. आर्मला प्रत्येक बाजूला १५ मिमी चाल लागते. ३०० ला ७५, म्हणजे चारास एक, मूठ ६० मिमी जाते. खालचा भाग ६० केला तर पाचास एक, मूठ ७५ मिमी जाते. पंधरा मिमी वाचले म्हणून मी खूश. पण आर्मला २० किलो जोर लागत असेल तर चारास एकमध्ये हाताला ५ किलो येतात, पाचास एकमध्ये ४. आप्पा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "जवळ आलाय, पण जड झालाय." मी लक्ष दिलं नाही. ज्याच्या खांद्यासाठी हे सगळं चाललंय त्याच्याच हातावर सव्वापट भार टाकला होता.

आणि बॉक्सही जुना आहे. पहिल्याला सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी रचना) नाही, बाकी तिन्हींच्या सिंक्रोच्या रिंगा ३५-४० वर्षं घासलेल्या. रिंग कोनावर घासून गिअर आणि शाफ्टचा वेग जुळवते, त्याला क्षणभर वेळ लागतोच. छोट्या चालीनं तो वेळ चोरला तर रिंग जाते, आणि नवी रिंग आज मिळवणं दांडा करण्यापेक्षा अवघड. मुंबईच्या पद्मिनी टॅक्स्या २०२३मध्ये संपल्या, त्यांच्यामागं चालणारा सुट्या भागांचा बाजारही आटत चाललाय. तेव्हा जुन्या गाडीच्या दांड्याची चाल छोटी करण्याच्या मी आता पूर्ण विरोधात आहे. खेळ काढा, चाल आहे तेवढी राहू दे.

धातुशास्त्र_शहापूर

तुमच्या वाटीबद्दल लिहिते, कारण तिथं पुढचा घोटाळा दिसतोय. कास्ट नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. बेळगावचा जून-जुलै तुम्हाला ठाऊक आहे, खानापूर-कणकुंबीकडं तर त्याहून ओलं. उन्हाळ्यात अगदी बरोबर बसवलेला गोळा पावसाळ्यात आवळेल. आत्ता कसा आहे?

ॲसिटल हे प्लॅस्टिक घ्या. ते नायलॉनच्या मानानं फार कमी पाणी घेतं, गुळगुळीत आहे, मशीनवर छान कापलं जातं. पण त्याचाही एक स्वभाव आहे. तापलं की ते पोलादाच्या जवळजवळ नऊपट वाढतं. २५ मिमीच्या वाटीत ४० अंश तापमान चढलं तर साधारण ०.११ मिमी फरक पडतो, पोलादाचा गोळा तेवढ्यात ०.०१२ वाढतो. तुमच्या टनेलखालून सायलेन्सरचा पाइप जातो, तेव्हा ४० अंश चढणं काही विशेष नाही. आणि वाटी बाहेरून लोखंडी घरात कोंडलेली असेल तर ती आतच वाढणार, म्हणजे गोळा आवळणार. म्हणून वाटी एका अंगात करू नका. दोन अर्ध्या करा, वरच्या अर्ध्यावर वेव्ह वॉशर (लाटेसारखा, स्प्रिंगसारखा दबणारा) टाका. गरम झाली की वॉशर दबेल, झिजली की वॉशर पुढं सरकवेल. खेळ कायम शून्य आणि आवळणंही नाही.

गोळा ईएन८चा ठीक आहे, पण इंडक्शन हार्डनिंग (विजेनं तापवून पृष्ठभाग कडक करणं) करून पॉलिश करा. मऊ पृष्ठभागावर धुळीचा एक कण रुतला की तो वाटीला कानशीसारखा खात बसतो.

पद्मिनीवाला_बेळगाव

ताई, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा २० जून होता आणि आप्पा दोन दिवस म्हणत होते की दांडा रुसलाय. वाटी काढून मायक्रोमीटर लावला, भिंत फुगलेली. ॲसिटलचा दांडका आणलाय, दोन अर्ध्या कापतोय.

निपाणीकर

मी दोन गोष्टी विचारतो. प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचा निसानचा गिअरबॉक्सच का बसवला नाही? त्याला कंपनीचाच खालचा गिअर आहे. आणि आरटीओचं काय? माझी अँबेसिडर मागच्या वर्षी फिटनेसला नेली तेव्हा साहेबांनी प्रत्येक बदललेल्या वस्तूबद्दल विचारलं.

पद्मिनीवाला_बेळगाव

निसानचा बॉक्स घालायचा तर बेल हाउसिंग, क्लच, मागचं माउंटिंग, प्रोपेलर शाफ्टची लांबी, सगळ्याला हात लावावा लागेल. ते इंजिनच वेगळं, १,१७१ सीसीचं, आपलं १,०८९चं. ती गाडी मग आप्पांची राहत नाही.

आरटीओबद्दल तुमची काळजी रास्त आहे. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ५२ आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये त्यावर निकाल दिलाय की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येणार नाही. म्हणून मी आधी आमच्या आरटीओत जाऊन कागदावरचं चित्र दाखवून विचारलं, मगच पुढं गेलो. तुम्हीही आपापल्या कार्यालयात विचारूनच करा, केए-२२ असो, केए-२३ असो की तुमच्या पलीकडचं एमएच-०९. डिझाइनमध्ये मी एक अट घालून घेतलीय: चासी कुठंही कापायची नाही, वेल्ड करायची नाही, कॉलमचा दांडा आणि रॉड तेल लावून जपून ठेवायचे. टनेलवरचं भोक झाकणाखाली येतं. एका रविवारात गाडी मूळ रूपात परत आली पाहिजे.

पॅटर्नवाले_अनगोळ

नमस्कार. मी चाळीस वर्षं ओतकामाची लाकडी पॅटर्न (ज्यांवरून साचा घेतात ते नमुने) केली, आता निवृत्त. धागा पहिल्यापासून वाचतोय. आता तुमच्याकडं चार जण मागायला येतील, आणि तुम्हाला ब्रॅकेट ओतून घ्यावंसं वाटेल. बेळगावात राहून फाउंड्रीचा मोह होणारच. पण ऐका.

दहा-पंधरा नगांसाठी पॅटर्न करू नका. पॅटर्न, कोअर बॉक्स (आतली पोकळी घडवणारा साचा), सगळ्याचा खर्च त्या पंधरा नगांच्या डोक्यावर बसतो. आणि एकदा लाकूड कोरलं की डिझाइन बदलायला मन होत नाही, तुमचं डिझाइन तर अजून महिन्याला बदलतंय. प्लेट कापा, वाकवा, फिक्स्चरमध्ये (जागेवर पकडणाऱ्या चौकटीत) धरून मिग वेल्डिंग करा. फक्त एक पाळा, नेमकी भोकं वेल्डिंगनंतर करा. वेल्ड थंड होताना प्लेट ओढते. आधी केलेलं भोक तुम्ही कितीही नेमकं करा, ते जागेवर राहणार नाही. कच्चं भोक लहान ठेवा, वेल्ड करा, मग एकाच सेटिंगमध्ये बोअर आणि रिमर मारा.

पन्नासच्या पुढं गेलात तर या. तेव्हासुद्धा साधं ग्रे आयर्न (साधं बीड) नको. ते कंप छान पितं पण वाकत नाही, तुटतं. गिअरबॉक्सवर लटकणारी वस्तू तुटता कामा नये. एसजी आयर्न (तुटण्याआधी वाकणारं बीड) घ्या, नाहीतर एलएम२५ हा ॲल्युमिनियमचा मिश्रधातू उष्णोपचार करून. ॲल्युमिनियमला आटणं जास्त, मीटरला साधारण १३ मिमी धरतो आम्ही, आयर्नला १०. म्हणजे आयर्नचं पॅटर्न तसंच ॲल्युमिनियमला वापरलं तर नग लहान येतो. हे विसरून नासलेले नग मी डोळ्यांनी बघितलेत.

पद्मिनीवाला_बेळगाव

मेस्त्री, पाया पडतो. मी भोकं लेसरनंच पूर्ण मापाची करून घेतली होती आणि वेल्डनंतर पिन का जात नाही म्हणून दोन रात्री डोकं धरून बसलो होतो. फिक्स्चर केलंय, आता सगळी भोकं शेवटी.

पद्मिनीवाला_बेळगाव

पाच आठवड्यांनी लिहितोय. बसवलं. ब्रॅकेट गिअरबॉक्सवर, वाटी ॲसिटलची दोन अर्ध्यांत, दांडा ३०० ला ६०, रॉड एंडवर रबरी टोप्या आणि आत ग्रीस.

लावायची पद्धत लिहून ठेवतो, कारण निम्मं काम त्यात आहे. शिफ्टच्या रॉडला एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. रॉड फिरवला की लांबी वाढते-कमी होते, टोकं काढावी लागत नाहीत. आधी बॉक्स न्यूट्रलमध्ये आणायचा, आर्म हातानं हलवून मधली जागा शोधायची. मग दांडा मधोमध उभा करून तिथंच धरायला एक खिळपिन घालायची, त्यासाठी ब्रॅकेटला ६ मिमीचं भोक ठेवलंय. आता रॉडची लांबी इतकी करायची की सांध्याची पिन बोटानं आत जाईल. हातोडी लागली तर लांबी चुकली. मग लांबी पक्की धरणारे दोन्ही चेक नट आवळायचे, खिळपिन काढायची आणि चारही गिअर नि रिव्हर्स टाकून बघायचे, प्रत्येकात दांडा पत्र्यापासून निदान १० मिमी लांब आहे ना. आणि गाडी सुरू करण्याआधी खिळपिन काढलीय हे दोनदा बघायचं.

रविवारी पुन्हा तीच चौघं, तोच चोर्ला. खालून वर कणकुंबीपर्यंत दुसऱ्यात-तिसऱ्यात आलो. मी शेजारी बसून मुठीकडं बघत होतो. वळणावर ॲक्सिलेटर सोडला-दिला की मूठ इंजिनाबरोबर किंचित झुलते, पण गिअर जागचा हलत नाही. जांबोटीला चहाला थांबलो तेव्हा आप्पांनी डावा हात वर करून दाखवला. काही बोलले नाहीत, दोनदा खांदा फिरवून दाखवला आणि चहा घेतला.

एक गेलं ते सांगायला हवं. बाकड्यासारख्या पुढच्या सीटवर मध्ये तिसरा माणूस बसायचा, माझी बहीण लहानपणी तिथंच बसायची. आता तिथं दांडा आहे. आईला ते फार लागलं. बकेट सीट घातली नाही, बाकडंच ठेवलंय, फक्त मध्ये कुणी बसत नाही.

चिकोडीचा_ड्रायव्हर

शाबास. आता गाडी आप्पांनाच चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा.

निपाणीकर

माझ्या ओळखीत दोघांच्या पद्मिनी आहेत, दोघंही सत्तरीपुढचे. सेट देणार का?

पद्मिनीवाला_बेळगाव

आठ नगांचं साहित्य कापलंय. पण कुरियरनं पाठवणार नाही. गाडी घेऊन या, किंवा मी तवंदी घाट उतरून येतो. आधी बॉक्सचं तेल, माउंटिंगचं रबर आणि आर्मचा खेळ बघणार, मगच बसवणार. माउंटिंग फाटलेलं असेल तर आधी ते बदलायचं, त्याशिवाय नाही. ड्रॉइंग मात्र ज्याला हवं त्याला देतो, फुकट.

गडहिंग्लज_टर्नर

ड्रॉइंग मिळालं, आभार. मी माझ्याकडंच करतोय. पिना ८ मिमी, भोक ८ एच७ (म्हणजे बरोबर ८ किंवा किंचित मोठं). पिना झिंक प्लेट करून आणल्या तर निम्म्या आतच जाईनात. भोक तपासलं, गेज बरोबर जातो.

पद्मिनीवाला_बेळगाव

भोक बरोबर आहे, चूक माझ्या ड्रॉइंगमध्ये आहे. पिन जी६ मापाला, म्हणजे ८ मिमीपेक्षा ५ ते १४ मायक्रॉन कमी लिहिलीय, ती प्लेटिंगआधीची. झिंकचा थर ८ मायक्रॉन धरला तरी तो दोन्ही बाजूंनी चढतो, व्यास १६नं वाढतो. म्हणजे पिन ८च्या वर २ ते ११ मायक्रॉन गेली. भोक नेमकं खालच्या मापाला असेल तर कशी जाणार? पिना प्लेट करू नका. ग्राइंड करून ब्लॅकनिंग (माप जवळजवळ न वाढवणारा काळा थर) करा आणि तेलात बुडवून ठेवा. प्लेट झालेल्या आहेत त्यांचा थर बारीक एमरीनं उतरवून बघा, जातील. ड्रॉइंगमध्ये आज रात्री दुरुस्ती करून परत टाकतो.